घरगुती सोयीचा दर

कोकणात उतरणाऱ्या कोणत्याही रस्त्याने जा. समुद्राचा वारा लागण्याआधी पाट्या लागतात. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.’ पाटीवर घरमालकाचे आडनाव असते, मोबाइलचा नंबर असतो, ‘आगाऊ सांगितल्यास उकडीचे मोदक मिळतील’ असे आश्वासन असते. ‘समुद्र दोन मिनिटांवर’ असेही लिहिलेले असते. ती दोन मिनिटे कोणाच्या पायांनी मोजली, हे विचारू नये. एक गोष्ट मात्र त्या पाटीवर सहसा सापडत नाही. ती म्हणजे दर.

फोन करून विचारले, तर पलीकडून उत्तर येते, “तुम्ही या तर खरे, मग बघू.” आपण जातो. दोन दिवस पोटभर जेवतो, ओसरीवर लोळतो, विहिरीच्या पाण्याने अंघोळी करतो. निघायच्या वेळी खिशात हात घालून विचारतो, “किती झाले?” घरधनी सुपारी कातरता कातरता मान खाली घालतात आणि म्हणतात, “काय ते द्या. तुम्ही काय परके आहात?” परवा सकाळपर्यंत आपण पूर्ण परके होतो, हे दोघांनाही ठाऊक असते. मग आपण मनाशी एक आकडा धरतो, भीत भीत नोटा पुढे करतो, आणि ते न मोजताच त्या खिशात घालतात. परतीच्या वाटेवर घाट चढून होईपर्यंत गाडीत एकच चर्चा चालते. कमी तर नाही झाले? की जास्त दिले? आणि मागे, त्या घराच्या स्वैपाकघरातही तीच चर्चा चालू असते.

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. या दिवाळीच्या सुटीत, नाताळात आणि पुढे मे महिन्यात हजारो माणसे अशा घरांत उतरतील, आणि किनाऱ्यावरची कितीतरी घरे त्यांच्या जिवावर वर्ष काढतील. तरीही आपल्याकडे पाहुण्याला पैसे सांगताना जीभ अडखळते. ती का अडखळते, आणि आकडा सांगायचाच झाला तर तो कसा काढावा, एवढेच आज पाहायचे आहे.

मराठीचा मास्तर असल्यामुळे माझी नजर आधी शब्दांकडे जाते. पैसे देण्याच्या प्रत्येक प्रसंगासाठी आपल्या भाषेने वेगळा शब्द घडवला आहे. गवयाला बिदागी, भटजींना दक्षिणा, वक्त्याला मानधन, डॉक्टरांना फी, गड्याला मजुरी, गाडीला भाडे, लग्नात आहेर. प्रत्येक शब्दाबरोबर देण्याची रीतही ठरलेली आहे. दक्षिणा विड्याच्या पानावर ठेवायची, आहेर पाकिटात घालायचा, मजुरी हातावर मोजायची. पण घरी मुक्कामाला आलेल्या माणसाने द्यायच्या पैशांना आपल्याकडे शब्दच नाही. ‘भाडे’ म्हणावे, तर भाडे खोलीचे झाले. आग्रहाने वाढलेल्या तुपाचे काय? ‘बिल’ म्हणावे, तर ते हॉटेलात होते. ‘काय ते द्या’ यातले ‘काय ते’ म्हणजे त्या न सापडलेल्या शब्दाची रिकामी जागा आहे.

आणखी दोन शब्द या गोंधळात भर घालतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ आपण परंपरेने सांगत आलो. अशा माणसाला तैत्तिरीय उपनिषदाने देवाच्या जागी बसवले ते योग्यच होते. रात्री-अपरात्री दारात उभ्या राहिलेल्या भुकेल्या वाटसरूला भाव सांगणे हा अधर्मच. पण आजचा पाहुणा तीन आठवडे आधी तारीख पक्की करतो, घराची छायाचित्रे मोबाइलवर मागवतो, आणि शनिवारी सकाळी नऊला येऊन रविवारी चारला निघतो. तो अतिथी नव्हे. तो पुरता तिथीवाला आहे. दुसरा शब्द ‘यजमान’. मूळ अर्थाने यजमान म्हणजे यज्ञ करवणारा, म्हणजे दक्षिणा देणारा. पाहुण्याकडून पैसे घेणारा यजमान ही गोष्ट भाषेलाच पटत नाही. मग ती बिचाऱ्या घरधन्याला कशी पटावी?

परंतु जुने आदरातिथ्य खरोखर फुकट होते का? मला तसे वाटत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कोकणी माणसाला मुंबईत उतरायला गिरगावातली किंवा परळची एक खोली असे. खोली दहा बाय बाराची, आणि माणसे आधीच आठ. तरी गावाहून आलेला भाचा परीक्षेसाठी तिथे राही, कोणी केईएममध्ये दाखवायला येई, कोणी नोकरी लागेपर्यंत सहा महिने गॅलरीत झोपे. कोणी कोणाला दर विचारला नाही. मात्र मे महिना लागला की त्या खोलीतली सगळी मुले एस.टी.ने गावी रवाना होत आणि आंबे-फणस संपेपर्यंत परतत नसत. जाताना बोचक्यात पोह्यांचे पापड, आमसुले आणि पोतेभर नारळ येत. हा हिशेबच होता. तो वहीत लिहिलेला नव्हता, पण दोन्ही घरांना पाठ होता. आणि ज्याने खाल्ले पण कधी घातले नाही, त्याचे नाव तीन पिढ्या निघत असे.

तेव्हा पूर्वीचा पाहुणाही फेड करत होता. आपले दार उघडे ठेवून तो ती करी. आजचा पर्यटक हे कसे करणार? ज्या घरात तो दोन दिवस राहतो, त्या घरातली माणसे त्याच्या ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कधी मुक्कामाला जाणार नसतात. परतीची भेट नाही, म्हणून पैसे. एवढी गोष्ट मनात स्पष्ट झाली, की निम्मा संकोच संपतो.

शिवाय पैसे घेऊन घरात माणसे ठेवणे आपल्याला नवे नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर या क्षेत्रांत यात्रेकरू आपल्या उपाध्यायांच्या वाड्यात उतरत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्यांत त्यांची नावे नोंदलेली असत, आणि दक्षिणा या शब्दाखाली मुक्काम, जेवण आणि पूजा हे सगळे एकत्र येई. शहरात खानावळी होत्या. पुण्यात विद्यार्थ्यांच्या आणि मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी पुष्कळदा एखादी बाई आपल्या राहत्या घरातच चालवी. तिचा हिशेब अगदी चोख असे: महिन्याचा दर ठरलेला, आणि न जेवलेल्या दिवसांचे खाडे शेवटी वजा. तिला कोणी माणुसकी नसलेली म्हटले नाही. गिरणी बंद असली की उधारीवर ताटे वाढणारी तीच होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले, आणि घरात ताटे वाढणे हा धंदा आहे हे कागदावर आले.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझे आतेभाऊ दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या एका गावी राहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. घर जुने, कौलारू, माडी असलेले. मागे नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्याने दापोली-मंडणगडच्या बागाही झोडपून काढल्या. दादांच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावता येते. पण ती धरायला पाच-सहा वर्षे घेते, आणि तेवढी वर्षे घरातली माणसे जेवायची थांबत नाहीत. वहिनींनी माडीवरच्या दोन खोल्या साफ केल्या, नवे न्हाणीघर बांधून घेतले, आणि रस्त्यावर पाटी लागली. अर्थातच दराशिवाय.

पहिली दोन वर्षे ‘काय ते द्या’वर गेली. एक चौघांचे कुटुंब तीन दिवस राहिले आणि हजार रुपये व मिठाईचा पुडा ठेवून गेले. नुसते खाण्यापिण्याचे सामान तीन हजारांच्या पुढे गेले होते. पुढे एक नवराबायको एका रात्रीचे पाच हजार देऊन गेली. “माझं घर पाहून त्यांना कीव आली असावी,” असे वहिनी मला म्हणाल्या. दोन्ही वेळी त्यांना सारखेच वाईट वाटले होते. अनिश्चित पैशात हा दोष असतो. कमी आले तर आपण फसलो, जास्त आले तर आपण मिंधे झालो. आपल्या कामाचे आले, असे कधीच वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी वहिनींनी कालनिर्णयचे जुने पान आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, “भावजी, तुम्ही शिकलेले. एका माणसाला एका दिवसाचे किती लावायचे ते एकदा काढून द्या.” मराठीच्या मास्तराला गणित घालणे हा विनोदच, पण आकडे त्याच सांगत होत्या, मी फक्त लेखनिक होतो. दोन वेळचा चहा, न्याहारी आणि दोन जेवणे धरून त्यांचा हिशेब असा झाला.

तांदूळ, डाळ, पीठ, तेल, भाजी, दूध, चहा-साखर असा बाजारहाट माणशी २३० रुपये. घरचा नारळ आणि कोकम ३०. इथे दादा ओसरीवरून ओरडले, “नारळ कसला लिहिता? तो घरचाच आहे.” वहिनी म्हणाल्या, “घरचा नारळ बाजारात नेला तर त्याचे पैसे येतात ना? मग पाहुण्याच्या आमटीत गेला म्हणून त्याचे पैसे का बुडवायचे?” अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना जे समजावायला एक तास लागतो ते त्यांनी दोन वाक्यांत संपवले. गॅस, वीज आणि पाण्याचा पंप ६०. चादरी-टॉवेल धुणे, साबण, फिनेल ४०. पाहुणे असतील त्या दिवशी वरकामाला बाई येते, तिची मजुरी ५००; माणसे चार धरली, तर माणशी १२५. बेरीज ४८५ झाली.

पुढचा आकडा बहुतेक घरे विसरतात. कौले शाकारणे, रंग, गाद्या, पंखे, न्हाणीघराची दुरुस्ती यांना वर्षाला ४८,००० रुपये लागतात. खोल्या वर्षभर उघड्या असल्या तरी पाहुणे असतात ते शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना. पावसाळ्यात कोणी फिरकत नाही. वहिनींनी कालनिर्णयवरच्या खुणा मोजल्या. चार माणसांनी घर भरलेले असे ६० दिवस निघाले, म्हणजे २४० माणसांचे दिवस. ४८,००० त्यांवर वाटले की माणशी २०० येतात. रिकाम्या दिवसांचा खर्च भरलेल्या दिवसांनी उचलावा लागतो. म्हणून ‘एका दिवसाचे एवढे कशाला?’ असे विचारणाऱ्या पाहुण्याने आपण गेल्यानंतरचा ओला जुलै-ऑगस्ट डोळ्यांपुढे आणावा. बेरीज ६८५.

त्या पेन्सिल खाली ठेवायला निघाल्या. मी विचारले, “आणि तुमचे?” त्या हसल्या. “माझं काय लिहायचं? मी घरचीच.” नारळाला लावलेला न्याय त्यांना स्वतःला लावावासा वाटत नव्हता. पाहुणे असले की त्या पाचला उठतात आणि शेवटचा माणूस समुद्रावरून परतून जेवेपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत, उभ्या असतात. मी म्हटले, “तुम्ही चार दिवस माहेरी गेलात तर दादा काय करतील?” त्या म्हणाल्या, “स्वैपाकीण बघावी लागेल. रोजचे आठशे घेईल.” “मग लिहा आठशे.” माणशी २०० झाले. ओसरीवरची सुपारी कातरायची थांबली. दादांचे म्हणणे असे की घरातल्या घरात कसली मजुरी? वहिनींनी त्यांच्याकडे न पाहता आकडा लिहिला. आणि लगेच दादांचेही १०० लिहिले. सामान आणणे, फोन घेणे, रात्री-बेरात्री गाडी लावून देणे हेही कामच आहे. ९८५ झाले. त्यावर अडीअडचणीला आणि नफ्याला म्हणून २१५ धरून दर ठरला १,२००.

हा दर इतर कोणी उचलावा म्हणून मी सांगत नाही. प्रत्येक घराचे आकडे वेगळे येतील. पण आकडे मांडण्याचा क्रम उपयोगी पडेल. आधी बाजारचे, मग घरचे, मग रिकाम्या दिवसांचे, मग माणसांच्या कष्टाचे, आणि शेवटी शेजाऱ्यांचा दर. पुष्कळ लोक उलट जातात. शेजारी हजार घेतो, म्हणून आपण नऊशे लावतात, आणि मग शेजारी आठशेवर येतो. अशाने गावातल्या सगळ्या स्वैपाकघरांची मजुरी बुडते आणि वर भाऊबंदकी पदरात पडते. यावर मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावाने चांगला मार्ग काढला. नाना फडणवीसांच्या या गावी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. माणसे लोटू लागली, हॉटेल नव्हते. पाहुणे घरोघरी उतरले, आणि राहण्या-जेवणाचा दर गावाने मिळून ठरवला. दर सगळीकडे सारखा असला की पाहुणा घर निवडतो, घासाघीस निवडत नाही.

बारीक नियम वहिनींनी त्याच दुपारी पुरे केले. मुलांचे काय, यावर त्यांनी एस.टी.चा कायदा लावला: पाच वर्षांखाली फुकट, बारापर्यंत अर्धे. तारीख राखायची तर निम्मे पैसे विसार म्हणून आधी. कारण ऐन शनिवारी न आलेल्या पाहुण्याची भाजी चिरून झालेली असते. शेजारच्या घरी मासे मिळतात. तिथे ताटाचा दर आदल्या दिवशी सांगत नाहीत, कारण तो हर्णैच्या बंदरावरच्या लिलावात ठरतो, आणि तेच बरोबर आहे. सुरमई आणि बांगडा एका दरात बसत नाहीत. संकेतस्थळावरून पाहुणा आला तर त्यांचे कमिशन आधीच मोजून ठेवायचे. सरकारी बाजूही थोडक्यात सांगतो. राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ ही योजना अशा घरांसाठीच आहे, तिच्यात नोंद करून घ्यावी. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या घराला सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण मिळकत आयकरात दाखवावी लागते. आणि परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी लागते.

राहता राहिला एक नाजूक प्रश्न: पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत? ‘आमच्या ऑफिसातले आहेत, जरा बघा’ अशी चिठ्ठी किंवा फोन आणणारे पाहुणे कोकणात पुष्कळ. वहिनींचा नियम साधा आहे. ज्याच्या घरी आपण उतरतो, त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. बाकी सगळे दराने. मी या नियमाने सुटलो, कारण त्यांची मोठी मुलगी पुण्यात आमच्याकडेच राहून शिकली.

आता ओसरीवर पुठ्ठ्याची एक पाटी आहे आणि तिच्यावर आकडे आहेत. त्यामुळे घरातले अगत्य आटले का? गेल्या नाताळात एका पाहुण्याच्या मुलाला रात्री ताप भरला. दादांनी गाडी काढून त्याला दापोलीला डॉक्टरांकडे नेले. वहिनी पहाटेपर्यंत त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या. निघताना त्या गृहस्थांनी वेगळे दोन हजार पुढे केले. वहिनींनी पाटीकडे बोट दाखवले. म्हणाल्या, “तेवढेच. तापाचा दर आम्ही ठरवलेला नाही.” मला वाटते, त्यांना हे इतक्या मोकळेपणाने म्हणता आले ते पाटीमुळेच. जेवणाचे आणि खोलीचे पुरेपूर मिळालेले होते. त्यामुळे त्या रात्रीचे जागरण त्यांना खरोखर देता आले. ‘काय ते द्या’च्या दिवसांत विकलेले कोणते आणि दिलेले कोणते, हे त्यांनाही कळत नव्हते आणि पाहुण्यालाही.

माणशी दोनशे रुपये आता वहिनींच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. क्यूआरची दुसरी चौकट त्यासाठीच भिंतीला लागली. दादा काही दिवस गप्प होते. जूनमध्ये धाकटीच्या कॉलेजची फी त्या खात्यातून भरली गेली, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच सोसायटीचे कर्ज काढावे लागले नाही. तेव्हापासून पाहुण्यांना दोन्ही चौकटी दादाच दाखवतात.

सुटीत तुम्ही अशा घरी उतरणार असाल, तर दर फोनवरच विचारा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही, आणि तुमच्या विचारण्याने त्यांचे सांगणे सोपे होते. दारात घासाघीस करू नका. ती ज्या आकड्यातून कापली जाते तो बहुधा घरातल्या बाईच्या कष्टाचा असतो. आणि जेवण आवडले असेल, तर हिशेब चुकता झाल्यावर आत स्वैपाकघरापर्यंत जाऊन तसे सांगा. त्याचे पैसे कोणी लावत नाही.